जिवाणूचं शेपूट फटकारत नाही, फिरतं

टायफॉइडची शंका आली की डॉक्टर विडाल टेस्ट करून घ्यायला सांगतात. रिपोर्टवर टीओ, टीएच, एएच, बीएच अशा ओळी असतात आणि त्यांच्यापुढे १:८०, १:१६० असे आकडे. पेशंटचं लक्ष असतं ते शेवटच्या शेऱ्याकडे; मधल्या अक्षरांकडे कुणी फारसं बघत नाही. त्यातल्या ‘ओ’चा संबंध जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाशी आहे आणि ‘एच’चा त्याच्या शेपटांशी. टीएचपुढचा आकडा वाढलेला असेल, तर तुमच्या रक्तात कधीतरी या शेपटांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली आहेत. फ्रेंच डॉक्टर फर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये ही चाचणी मांडली आणि आपल्याकडे गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती आजही रोज होते.

ही शेपटं म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या कशाभिका. लॅबमधली माणसं सरळ ‘फ्लॅजेला’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात जिवाणूच्या आकृतीत एका टोकाला नागमोडी रेघ असते. तिला नाव दिलं की अर्धा गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. याची मला फार हळहळ वाटते. त्या रेघेच्या बुडाशी सजीवसृष्टीतलं एक विलक्षण यंत्र बसवलेलं आहे. तिथे खरोखरीची मोटर आहे, तिला फिरणारा भाग आहे, स्थिर भाग आहे, आणि ती दोन्ही दिशांना फिरते. ती फिरते एवढं कळायलाच, पहिला जिवाणू दिसल्यापासून, माणसाला जवळजवळ ३०० वर्षं लागली.

डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून मिरी भिजवलेल्या पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांची हकीकत कळवली. ते पळताना त्याला दिसत होते. कशाच्या जोरावर पळतात, ते दिसणं शक्य नव्हतं. जिवाणूच्या एका कशाभिकेची जाडी सुमारे २० नॅनोमीटर. अशा ५०,००० कशाभिका शेजारीशेजारी ठेवल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच याच्या वीस-तीस पट असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला ती सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कॉख आणि त्यांच्यानंतर फ्रीडरिश लोफ्लर यांनी तिच्यावर रंगाचे थर चढवून तिला जाड केलं, तेव्हा ती दिसू लागली. पण रंगवलेला जिवाणू मेलेला असतो. शेपूट दिसलं, त्याचं चालणं नाही दिसलं.

पुढे काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाश तिरपा टाकून बघायची पद्धत आली. तिच्यात जिवंत जिवाणूच्या मागे कशाभिकांच्या जुडग्याची चमकती, मळसूत्री रेघ पुढे सरकताना दिसायची. सगळा घोळ इथेच झाला. मळसूत्राच्या आकाराची ताठ तार स्वतःभोवती फिरवली, तर बाजूने बघणाऱ्याला तिच्यावरून लाट धावते आहे असंच वाटतं. आणि लवचीक दोरीतून खरोखरीची लाट धावली, तरी डोळ्यांना तेच दिसतं. शुक्रपेशीचं शेपूट वाकून, वळवळून चालतं हे माहीत होतं. मग जिवाणूचंही तसंच असणार, असं सगळ्यांनी धरून चालवलं. शिवाय प्राण्याच्या अंगात चाक नसतं, हा समज इतका पक्का होता की गरगर फिरणाऱ्या अवयवाची कल्पना करणंच अवघड होतं.

१९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांनी नवा प्रयोग पुढे केला नाही. इतरांनी आधीच छापलेले पुरावे एकापुढे एक मांडून त्यांनी दाखवलं, की लाटेच्या कल्पनेत ते बसत नाहीत आणि प्रत्येक तंतू बुडापाशी फिरतो असं मानलं की नीट बसतात. दुसऱ्यांच्या निरीक्षणांकडे इतक्या बारकाईने बघणं हे मला नव्या प्रयोगाइतकंच मोलाचं वाटतं.

प्रयोगही लगेच झाला. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी १९७४ मध्ये तो केला. जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांत मी त्याला बसवीन. कशाभिकेचे तीन भाग असतात: आवरणात रुतलेली मोटर, तिच्यावर बसलेला छोटा वाकडा हूक, आणि हूकला जोडलेला लांब तंतू. या दोघांनी ई. कोलायचे असे उत्परिवर्तित जिवाणू घेतले, ज्यांना तंतू नव्हताच, फक्त हूक वाजवीपेक्षा लांब वाढलेला होता. या हूकला घट्ट धरणारी प्रतिपिंडं त्यांनी वापरली. विडाल टेस्टमध्ये जी प्रतिपिंडं शेपटांना धरतात, त्याच जातीची. त्यांच्यामुळे जिवाणूचा हूक काचेला चिकटला. आता शेपूट जखडलेलं आणि अंग मोकळं.

शेपूट वळवळत असेल, तर अंग इकडून तिकडे झुलायला हवं. बुडाशी फिरत असेल, तर शेपूट अडल्यामुळे अंगच फिरायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूचं अंग गोल फिरत होतं. फेऱ्यांवर फेऱ्या, एकाच दिशेने, मग एकदम उलट दिशेने आणि पुन्हा फेऱ्या. वळवळणाऱ्या किंवा पीळ भरणाऱ्या अवयवाला अशा न संपणाऱ्या फेऱ्या घेता येत नाहीत; तो पिळवटून तुटेल. वाद मिटला. कुठलंही महागडं उपकरण लागलं नाही, साधा सूक्ष्मदर्शक पुरला. योग्य प्रश्न विचारून शेपूट काचेला बांधलं एवढंच.

पण निसर्गाने फिरण्याचाच मार्ग का काढला असेल? याचं उत्तर एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने फार सुंदर दिलं. चुंबकीय अनुस्पंदनासाठी १९५२ चं नोबेल मिळालेला हा माणूस उतारवयात जिवाणूंच्या पोहण्याकडे वळला, आणि १९७७ मध्ये त्याचा या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. आपण पोहतो तेव्हा हात मारायचे थांबवले तरी अंग पुढे सरकत राहतं, कारण आपल्या वस्तुमानाला आलेला वेग लगेच मरत नाही. दोन मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूला ही चैन नाही. त्याच्या आकारमानाला पाण्याचा चिकटपणा एवढा जाणवतो, की आपण घट्ट काकवीने भरलेल्या हौदात उतरावं तशी त्याची गत असते. मोटर बंद पडली की तो जागच्या जागी थांबतो. थांबेपर्यंत तो जेवढा पुढे जातो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढं असतं.

अशा जगात वल्हं मारून काही साधत नाही. वल्हं पुढून मागे नेलं की जेवढं पुढे जावं, ते परत मूळ जागी आणताना नेमकं तेवढंच मागे यावं लागतं. भरभर नेलं आणि सावकाश आणलं, तरी फरक पडत नाही. पुढेमागे सारखीच दिसणारी हालचाल इथे शून्य ठरते. हालचाल अशी हवी, की उलट दिशेने बघितली तर ती वेगळी दिसेल. मळसूत्र एकाच दिशेने फिरत राहिलं की ही अट आपोआप पुरी होते. शुक्रपेशीने लाटेचा दुसरा मार्ग काढला. तिची लाट बुडाकडून टोकाकडे धावते, टोकाकडून परत फिरत नाही.

ई. कोलायच्या अंगावर साधारण चार कशाभिका असतात, अंगाच्या कुठल्याही भागातून निघालेल्या. बाहेरून जिवाणूकडे बघितलं असता मोटारी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असतील, तर सगळे तंतू मागे एकत्र येऊन त्यांचं एक जुडगं बनतं आणि जिवाणू सरळ पुढे जातो, सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर. म्हणजे सेकंदात आपल्या लांबीच्या दहापट आणि वर. त्यासाठी मोटर सेकंदाला सुमारे १०० फेरे घेते. समुद्रात सापडणाऱ्या व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस या जिवाणूच्या मोटारीने तर सेकंदाला १,७०० फेरे घेतल्याचं जपानी संशोधकांनी मोजलं आहे.

एखादी मोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली की तिचा तंतू जुडग्यातून सुटतो आणि जिवाणू जागच्या जागी कोलांट्या खातो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतं. पुन्हा जुडगं बनतं, पुन्हा धाव सुरू होते, पण नव्या आणि न ठरवलेल्या दिशेने. बर्ग यांनी एक खास सूक्ष्मदर्शक तयार केला होता. एकच जिवाणू कायम नजरेत राहावा म्हणून त्यात जिवाणूचा पेलाच त्याच्या मागोमाग सरकत असे. त्या यंत्राने १९७२ मध्ये ही धाव आणि कोलांटी तिन्ही मितींत नोंदवली गेली.

आता मुद्दा असा, की दिशा निवडता येत नाही, तर जिवाणू अन्नाकडे पोचतो कसा? दोन्ही टोकांकडची साखर चाखून तुलना करायला त्याचं अंग फारच तोकडं आहे. म्हणून तो काळाची तुलना करतो. आत्ताच्या सेकंदात पोषक द्रव्य किती भेटलं आणि त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत किती भेटत होतं, हे त्याच्या ग्राहक प्रथिनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मिथाइल गटांत जणू नोंदलेलं असतं. द्रव्य वाढतंय असं दिसलं की कोलांटी लांबणीवर पडते आणि धाव लांबते. वाढत नसेल तर कोलांटी नेहमीच्या वेळी येते. मोटारीला उलट फिरायचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाचं नाव चीवाय. ते फॉस्फेट लावून मोटारीच्या बुडाला चिकटलं की दिशा बदलते. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, आणि तरी तीन-चार सेकंदांची आठवण आहे! ज्युलियस अ‍ॅडलर यांनी १९६० च्या दशकात ई. कोलायला हाताशी धरून या शोधाला आधुनिक रूप दिलं, त्याआधी १८८० च्या दशकात विल्हेल्म फेफर यांनी काचेच्या केशनळीत मांसाचा अर्क भरून जिवाणू त्यात शिरताना बघितले होते.

मोटारीचा व्यास सुमारे ४५ नॅनोमीटर. तिला चालवायला पेशीचं नेहमीचं इंधन, म्हणजे एटीपी, थेट लागत नाही. पेशी आपल्या पटलाबाहेर प्रोटॉन ढकलत राहते, आणि ते आत परतू पाहतात. त्यांची वाट मोटारीच्या स्थिर भागातल्या प्रथिनांतून जाते. एका फेऱ्याला हजाराहून अधिक प्रोटॉन आत येतात. व्हिब्रिओच्या मोटारीत प्रोटॉनऐवजी सोडियमचे आयन हे काम करतात. २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या स्थिर भागाची रचना उलगडली, तेव्हा कळलं की मोटए नावाची पाच प्रथिनं मोटबीच्या दोन प्रथिनांभोवती कडं करून बसलेली असतात आणि आयन आत येताना हे कडंसुद्धा फिरतं. ज्याला इतकी वर्षं स्थिर भाग म्हणत आलो, तो स्वतःच एक छोटी मोटर निघाला. एका कशाभिकेभोवती अशी अकरापर्यंत कडी काम करतात, आणि भार वाढला की जिवाणू चालत्या मोटारीला नवी कडी जोडतो.

या यंत्राची बांधणी मला त्याच्या फिरण्याहूनही थक्क करते. तंतू फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या सुमारे २०,००० नगांचा बनतो आणि आतून पोकळ असतो. पोकळी फक्त दोन नॅनोमीटरची. नवे नग पेशीत तयार होतात, घडी न घालता या पोकळीतून पुढे ढकलले जातात आणि थेट टोकाला जाऊन बसतात. केस मुळाशी वाढतो, हा तंतू टोकाला वाढतो. टोकावर पाच नगांची एक टोपी असते. प्रत्येक नवा नग तिच्याखाली घडी घेतो आणि जागेवर बसतो. तंतू मध्येच तुटला तर पुन्हा वाढतो.

हे सगळं क्रमाने व्हायला हवं. आधी मोटर, मग हूक, मग तंतू. हूक पुरा होण्याआधी फ्लॅजेलिन बनवणं म्हणजे ऊर्जा वाया घालवणं. म्हणून पेशीत फ्लॅजिएम नावाचं एक प्रथिन फ्लॅजेलिनचं जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाला पकडून ठेवतं. हूक ५५ नॅनोमीटरला पोचला की नळीचं दार नव्या मालाला उघडतं आणि पहिल्यांदा बाहेर फेकलं जातं ते फ्लॅजिएमच. पकड सुटली, जनुक चालू झालं, तंतू सुरू झाला. हूक तयार झाल्याची वर्दी पेशीला त्याच नळीतून मिळते. सॅल्मोनेला या जिवाणूमध्ये हे काम १९९३ मध्ये उलगडलं. इतकी नेटकी व्यवस्था मी माणसाच्या कारखान्यात पाहिलेली नाही.

नेमक्या याच नेटकेपणावर बोट ठेवून अमेरिकेत मायकेल बेही यांनी १९९६ मध्ये लिहिलं, की असं यंत्र टप्प्याटप्प्याने उत्क्रांत होऊ शकत नाही. हा मुद्दा पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेच्या खटल्यात कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जोन्स यांनी तो विज्ञान म्हणून नाकारला. माझ्या मते निकाल योग्य होता. कशाभिकेच्या बुडाचे बरेचसे भाग एका वेगळ्या यंत्रातही सापडतात: सॅल्मोनेला आणि प्लेगचा जिवाणू यजमानाच्या पेशीत विषारी प्रथिनं टोचतात, त्या सुईत. सुईला फिरावं लागत नाही, तरी ती आपलं काम करते. अर्ध्या भागांचा काहीच उपयोग नसतो, हे म्हणणं मग उभं राहत नाही.

शिवाय निसर्गाने शेपूट एकदाच शोधलेलं नाही. शुक्रपेशी, क्लॅमिडोमोनास हे हिरवं शैवाल, आपल्या श्वासनलिकेतले सूक्ष्म केस, या सगळ्यांची रचना अगदी वेगळी आहे: मधे दोन आणि भोवती नऊ जोडनळ्या, डायनिन हे प्रथिन आणि एटीपीचं इंधन. हे शेपूट खरोखरच वाकतं, फटकारतं. उष्ण झऱ्यांत आणि मिठागरांत राहणाऱ्या आर्कियांचं शेपूट दिसायला जिवाणूसारखं आणि फिरतंही, पण ते एटीपीवर चालतं आणि बुडाकडून वाढतं. तिन्ही शेपटांची वंशावळ वेगळी, काम एकच.

आपलं शरीर जिवाणूंच्या शेपटांना फार पूर्वीपासून ओळखतं. टीएलआर५ नावाचा एक ग्राहक आतड्याच्या आणि श्वासमार्गाच्या पेशींवर असतो. त्याला फ्लॅजेलिन भेटलं की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. जिवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टरने आपल्या फ्लॅजेलिनचा या ग्राहकाला ओळखू येणारा नेमका तेवढाच भाग बदलून घेतला आहे. सॅल्मोनेलाचे काही प्रकार डीएनएचा एक तुकडा उलटा फिरवून एका फ्लॅजेलिनवरून दुसऱ्यावर जातात, म्हणजे पहिल्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं त्यांना सापडत नाहीत. शेपटांविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारा विडालचा ‘एच’ मात्र एकट्याने फारसं काही सिद्ध करत नाही. जुनी लस किंवा जुना आजार यांमुळेही तो वर दिसतो, आणि टायफॉइड जिथे नित्याचा आहे तिथे एकाच विडालवर भिस्त ठेवणं चुकीचं आहे. तापाच्या पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करून घ्यावं.

एका जिवाणूने मात्र शेपूट अंगाच्या आत दडवलं आहे. लेप्टोस्पायराच्या दोन्ही टोकांकडून एकेक कशाभिका निघते आणि बाहेर न येता बाह्य आवरणाच्या आतच राहते. ती आत फिरली की मळसूत्रासारखं सगळं अंगच फिरतं. दाट, चिकट द्रवात इतर जिवाणू अडखळतात, हा तिथेही पुढे जातो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला हा जिवाणू पायावरच्या भेगेतून, खरचटल्यातून आणि डोळ्यांच्या, तोंडाच्या मऊ त्वचेतून शरीरात शिरतो. प्रयोगशाळेत ज्यांची ही हालचाल हिरावून घेतली, ते लेप्टोस्पायरा प्राण्यांना आजारी पाडू शकले नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, आणि सिंधुदुर्गात भातशेतीच्या हंगामात तो अधूनमधून डोकं वर काढतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत घरी यावं लागलं आणि पायावर जखम असेल, तर पाय साबणाने धुऊन तेवढ्यावर थांबू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर पाण्यातून चालल्याचं त्यांना आवर्जून सांगा.